व्हायरस काढला तरी परत परत येतोय? आधी तो येतोय कुठून ते शोधा

स्कॅन केलं, तीन-चार थ्रेट सापडले, रिमूव्ह दाबलं, हिरवी टिक आली, हायसं वाटलं आणि दोन दिवसांनी परत तोच मेसेज, तेच नाव. मग दुसरा अँटीव्हायरस टाकायचा, मग तिसरा, मग कुणीतरी सांगतं फॉरमॅट मारून टाक, ते पण मारून होतं आणि आठवड्याभरात पहिले पाढे पंचावन्न. तुमच्याकडे हे चालू असेल तर आधी एक लक्षात घ्या, अँटीव्हायरस बहुतेक वेळा त्याचं काम करत असतो, समोर दिसलेली फाइल तो उडवतो, पण ती फाइल परत आणून ठेवणारं काहीतरी दुसरीकडे बसलेलं असतं आणि त्याला कुणी हातच लावलेला नसतो. म्हणून 'काढू कसा' याच्या आधी 'येतोय कुठून' हे शोधायचं. रस्ते फार नाहीयेत, मोजकेच आहेत, आणि रस्ता कळला की कुठल्या जातीचा आहे ते पण बऱ्यापैकी कळतं.

सुरुवात अँटीव्हायरसच्या हिस्टरीपासून करा. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर असेल तर विंडोज सिक्युरिटी उघडून व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, त्यात प्रोटेक्शन हिस्टरी. तिथं नुसतं थ्रेटचं नाव वाचून बंद करू नका, त्या ओळीवर क्लिक करून फाइल कुठल्या फोल्डरमध्ये सापडली तो पूर्ण पत्ता वाचा आणि वेळ वाचा. या दोन गोष्टी कागदावर लिहून ठेवा, खरंच लिहा, कारण चार वेळा झालं की चारही ओळी एकाखाली एक बघितल्यावर पॅटर्न दिसतो. पत्ता पेनड्राइव्हच्या ड्राइव्हचा असेल तर बाहेरून येतोय. ॲपडेटा किंवा टेम्प फोल्डरचा असेल तर मशीनमधलंच काहीतरी ती फाइल तयार करतंय. ब्राउजरच्या कॅशमध्ये असेल तर एखाद्या वेबसाइटवरून आलेला तुकडा असतो, त्यात बऱ्याचदा काही चालू पण झालेलं नसतं. सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन असं दिसलं तर जुन्या रिस्टोर पॉइंटमध्ये पडून राहिलेली कॉपी आहे, ते रिस्टोर पॉइंट डिलीट करायचे आणि साफसफाई झाल्यावर नवा बनवायचा. वेळेचं पण तसंच. कॉम्प्युटर चालू केल्या केल्या येतो म्हणजे स्टार्टअपमध्ये काहीतरी आहे, बरोबर ठरावीक अंतराने येतो म्हणजे शेड्यूल्ड टास्क (विंडोजला ठरलेल्या वेळी आपोआप करायला सांगितलेलं काम), आणि फक्त ब्राउजर उघडल्यावर येतो म्हणजे ब्राउजरच तपासायचा.

आता पेनड्राइव्हवाला प्रकार, कारण यात सगळ्यात जास्त लोक अडकतात आणि मी पण अडकलो होतो.

माझ्या मावसबहिणीचा लॅपटॉप. पेनड्राइव्ह लावला की आतले सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले दिसायचे, आयकॉन फोल्डरचाच पण खालच्या कोपऱ्यात तो छोटा बाण. मी पेनड्राइव्ह फॉरमॅट करून दिला, दुसऱ्या दिवशी तेच. मग लॅपटॉप पूर्ण स्कॅन केला, पेनड्राइव्ह परत फॉरमॅट केला, चार दिवस शांतता आणि मग परत. तिसऱ्या वेळी मी विंडोजच नव्याने टाकलं. आणि तरी आठवड्याच्या आत परत! तिचं प्रबंधाचं सगळं काम त्या पेनड्राइव्हवर, ती रडकुंडीला आलेली आणि माझं डोकं चालेना. त्या दिवशी पहिल्यांदा मी शॉर्टकट पुसायच्या आधी त्याच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या. टार्गेट नावाचा चौकोन असतो ना, तो वाचला. त्यात फोल्डरचं नाव असायला हवं होतं, तिथं होतं सीएमडी (म्हणजे कमांड प्रॉम्प्ट), त्यापुढे स्टार्ट, मग अक्षरांची नुसती भेळ असलेल्या नावाची एक डॉट व्हीबीएस फाइल, म्हणजे विंडोजवर चालणारी छोटी स्क्रिप्ट, आणि त्याच ओळीच्या शेवटी एक्स्प्लोरर आणि तिच्या खऱ्या फोल्डरचं नाव. म्हणजे डबल क्लिक केलं की आधी स्क्रिप्ट चालते आणि लगेच मागोमाग खरा फोल्डर पण उघडतो, त्यामुळे समोरच्याला वाटतं की सगळं ठीक आहे, फोल्डर तर उघडला. आणि खरे फोल्डर कुठं गेलेले नसतातच, त्यांना हिडन आणि सिस्टिम असे दोन शिक्के मारून लपवलेलं असतं. काही प्रकार तर सगळा डेटा बिननावाच्या एका फोल्डरमध्ये सरकवतात, नाव म्हणून त्यात नुसती न दिसणारी स्पेस असते.

म्हणून पहिला नियम, शॉर्टकट दिसले म्हणून घाबरून फॉरमॅट मारू नका, डेटा बहुतेक वेळा जागेवरच असतो. एक्स्प्लोररमध्ये व्ह्यूमध्ये जाऊन हिडन आयटम्स चालू करा, आणि फोल्डर ऑप्शन्समध्ये 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' वरची टिक काढा, फोल्डर फिकट रंगात दिसायला लागतील. तिथंच 'हाइड एक्स्टेन्शन्स' वरची टिक पण काढून टाका (एक्स्टेन्शन म्हणजे फाइलच्या नावाचं डॉटनंतरचं शेपूट, त्यावरून फाइलचा प्रकार कळतो), ती कायमची काढलेली बरी. शिक्के काढायला ॲट्रिब कमांड आहे, कमांड प्रॉम्प्टमध्ये ॲट्रिब, मग वजा एच, वजा आर, वजा एस, मग स्लॅश एस, स्लॅश डी आणि शेवटी पेनड्राइव्हचं अक्षर, कोलन, बॅकस्लॅश, स्टार डॉट स्टार. प्रत्येकाच्या मध्ये स्पेस. ड्राइव्हचं अक्षर दोनदा तपासा, चुकून सी ड्राइव्हवर चालवू नका.

पण हे झालं पेनड्राइव्हचं. परत येण्याचं कारण लॅपटॉपमध्ये पण नव्हतं, निदान तिसऱ्या वेळी तरी नव्हतं, कारण विंडोज नवं होतं. मग आम्ही एक रिकामा पेनड्राइव्ह घेतला, त्यात एक फोल्डर आणि त्यात एक टेक्स्ट फाइल टाकली आणि ती ज्या ज्या मशीनला पेनड्राइव्ह लावते तिथं तिथं तो लावून, दोन मिनिटं थांबून, काढून परत आणून बघितला, काहीही डबल क्लिक न करता. तिसऱ्या मशीनला सापडलं. प्रिंट काढायला वापरायचा तो कॉम्प्युटर, त्यावर दिवसभर कितीतरी लोकांचे पेनड्राइव्ह लागायचे, इंटरनेट नव्हतं म्हणून अँटीव्हायरस कधी अपडेटच झालेला नव्हता, आणि लोक समजायचे की इंटरनेट नाही म्हणजे व्हायरस नाही. मी तीन वेळा लॅपटॉप धुवून काढला आणि दोष भलतीकडेच होता. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अगदी तसं.

ही रिकाम्या पेनड्राइव्हची युक्ती कुणालाही जमेल अशी आहे, फक्त ज्या मशीनवर तुम्ही तो परत बघणार ते पूर्ण अपडेटेड पाहिजे. पूर्वी पेनड्राइव्ह लावताच ऑटोरनमुळे आतलं काहीतरी आपोआप चालू व्हायचं, ते विंडोज ७ पासून बंद झालं आणि जुन्या एक्सपी-व्हिस्टाला २०११ मध्ये अपडेट देऊन बंद केलं. पण २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट नावाचा प्रकार, शॉर्टकटचा नुसता आयकॉन स्क्रीनवर दिसला तरी चालू व्हायचा, डबल क्लिकची गरजच नव्हती, विंडोजमधलं ते भोक त्याच वर्षी बुजवलं पण अर्धवट, २०१५ मध्ये परत बुजवावं लागलं. म्हणजे अपडेट नसलेल्या मशीनवर 'मी तर काही उघडलंच नाही' याला काही अर्थ राहत नाही.

मशीन स्वतःच बाधित असेल तर क्रम फार महत्त्वाचा. लोक आधी फाइल डिलीट करतात आणि मेमरीत चालू असलेली प्रोसेस ती दोन सेकंदात परत लिहून ठेवते. आधी इंटरनेट तोडा आणि सगळे पेनड्राइव्ह काढा. मग टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये बघा, स्क्रिप्टवाला प्रकार असेल तर डब्ल्यूस्क्रिप्ट नावाची प्रोसेस चालू दिसते, ती एंड करा. मग स्टार्टअपमधली नोंद काढा, मग टास्क शेड्यूलर उघडून तिथली काढा, आणि सगळ्यात शेवटी फाइल. टास्क शेड्यूलर हमखास विसरला जातो, कारण बहुतेकांनी ते कधी उघडलेलंच नसतं. सगळं एका जागी बघायचं असेल तर मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स नावाचं फुकट टूल आहे, त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायचा पर्याय चालू केला की यादी एकदम छोटी होते आणि बनवणाऱ्या कंपनीची डिजिटल सही नसलेल्या, विचित्र नावाच्या, ॲपडेटामधून चालणाऱ्या गोष्टी डोळ्यात भरतात. ओळखू न येणारं सगळं धडाधड पुसू नका, आधी टिक काढून बघा, मशीन नीट चालतंय असं दिसलं की मग डिलीट. हे झाल्यावर डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा. मशीन रीस्टार्ट होतं आणि विंडोज सुरू व्हायच्या आधीच स्कॅन होतो, पंधरा-एक मिनिटं लागतात, आणि चालू विंडोजमध्ये स्वतःला लपवून ठेवणारे रूटकिटसारखे प्रकार तेव्हा लपू शकत नाहीत. दोन-दोन अँटीव्हायरस एकदम रिअल टाइम चालू ठेवू नका, ते एकमेकांच्या पायात येतात आणि मशीन स्लो होतं ते वेगळंच.

फॉरमॅट करून पण परत आला? मग विचारायचा प्रश्न एकच, फॉरमॅट काय केलं, नुसता सी ड्राइव्ह ना? इथं 'व्हायरस' शब्दाचा खरा अर्थ कामाला येतो. आपण सगळ्यालाच व्हायरस म्हणतो पण खरा व्हायरस म्हणजे दुसऱ्या फाइलला किंवा डिस्कच्या भागाला चिकटणारा. १९८६ मधला ब्रेन नावाचा व्हायरस फ्लॉपीच्या बूट सेक्टरला (मशीन चालू होताना आधी वाचला जाणारा भाग) चिकटायचा, फ्लॉपी एका मशीनमधून दुसऱ्यात गेली की तो पण गेला. नंतर सॅलिटी, विरुट, रॅमनिट असे आले ते मशीनवरच्या एक्सई फाइल्सना (डबल क्लिक केलं की चालू होणारे प्रोग्राम) चिकटतात, आणि रॅमनिट तर एचटीएमएल फाइल्सना पण. आता तुमच्या डी ड्राइव्हवर वर्षानुवर्षं जमवलेले सेटअप पडलेले आहेत, प्रिंटर ड्रायव्हर, व्हिडिओ प्लेअर, काय काय, आणि ते सगळे बाधित. सी ड्राइव्ह फॉरमॅट केला, विंडोज टाकलं, आणि पहिलं काम काय केलं, तर डी ड्राइव्हवरचा सेटअप चालवला. संपलं सगळं, पाच मिनिटात. यात डी ड्राइव्हवरचे फोटो, व्हिडिओ, साधी कागदपत्रं ठेवायची, एक्सई सगळ्या सोडून द्यायच्या, त्या नव्याने कंपनीच्या साइटवरून डाउनलोड करायच्या. जीव अडकतो त्या जुन्या सेटअपमध्ये हे मला माहितीये, पण त्यांच्यासाठी परत सगळं घालवण्यात अर्थ नाही.

आता जरा अवघड बोलतो, क्रॅकबद्दल, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर फुकटात चालवून देणाऱ्या फाइल्सबद्दल. आजारी मशीन हातात आलं की मी सगळ्यात आधी बघतो ती डिफेंडरची एक्स्क्लूजनची यादी. व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, एकदम खाली एक्स्क्लूजन्स. ही यादी म्हणजे 'इथं बघू नको' असं अँटीव्हायरसला सांगितलेल्या जागा. साध्या माणसाच्या मशीनवर ती रिकामी असायला पाहिजे. एका ओळखीच्यांच्या मशीनवर उघडली तर त्यात अख्खा सी ड्राइव्ह होता. अख्खा! म्हणजे स्कॅन रोज चालत होता, रिपोर्ट रोज स्वच्छ येत होता आणि आत सगळा खेळ मोकळा चालू होता. त्यांनी ते स्वतः केलेलं नव्हतं, असाच एक क्रॅकवाला ॲक्टिव्हेटर चालवलेला, त्याने ॲडमिन परवानगी मागितली, यांनी येस दाबलं आणि त्यानेच ती नोंद टाकली. यालाच ट्रोजन म्हणतात. तो स्वतःहून पसरत नाही, आपणच दार उघडून आत घेतो कारण वरून तो आपल्याला हवी ती वस्तू दिसतो. आणि क्रॅकच्या बाबतीत तर 'अँटीव्हायरस बंद करा मग इन्स्टॉल करा' असं सोबतच्या फाइलमध्येच लिहिलेलं असतं, झिपला पासवर्ड लावलेला असतो, तो का? तर स्कॅनरला आत बघता येऊ नये म्हणून. तुम्ही मशीन दहा वेळा साफ केलं आणि तोच क्रॅक परत टाकला तर अकराव्या वेळी पण तेच होणार. एक्स्क्लूजन्स रिकाम्या करा, टॅम्पर प्रोटेक्शन (दुसऱ्या प्रोग्रामला डिफेंडरची सेटिंग बदलू न देणारं) चालू आहे ना बघा, आणि ते सॉफ्टवेअर काढा. फुकटचे चांगले पर्याय आहेत, ऑफिसच्या जागी लिबरऑफिस, फोटोसाठी गिंप, त्यात सुरुवातीला हात बसत नाही पण काम होतं.

एखाद्या फाइलबद्दल शंका असेल तर व्हायरसटोटलवर टाकून बघा, एकाच वेळी पन्नास-साठच्या वर अँटीव्हायरस इंजिनं तिला तपासतात. फक्त तिथं खाजगी कागदपत्रं टाकू नका, तिथं टाकलेल्या फाइल्स तिथल्या सभासद कंपन्यांना मिळू शकतात.

ब्राउजरमधला प्रकार त्या मानाने हलका पण चिवट. होमपेज बदललंय, सर्च दुसरीकडेच जातंय, कोपऱ्यात 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस' असे मेसेज येतायत. ते कोपऱ्यातले मेसेज बऱ्याचदा व्हायरस नसतातच, कुठल्यातरी साइटवर 'अलाउ' दाबलं गेलेलं असतं आणि ती साइट नोटिफिकेशन पाठवत राहते, ब्राउजरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनच्या यादीत जाऊन त्या साइटला काढलं की विषय संपला. ब्राउजरला जोडलेलं एक्स्टेन्शन (छोटं जोड-सॉफ्टवेअर) मात्र परत येतं, आणि त्याचं कारण सिंक. लॅपटॉपवरून काढलं पण ऑफिसच्या कॉम्प्युटरवर त्याच अकाउंटमध्ये ते जिवंत आहे, तिथून परत खाली उतरतं. म्हणून आधी सगळीकडे सिंक बंद, मग प्रत्येक मशीनवरून एक्स्टेन्शन काढायचं, मग सिंक चालू. आणि स्वतःच्या घरच्या कॉम्प्युटरवर क्रोमच्या मेनूमध्ये 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन' दिसलं तर लक्ष द्या. काही अँटीव्हायरस पण तशी पॉलिसी लावतात त्यामुळे लगेच निष्कर्ष काढू नका, पण एक्स्टेन्शनचं रिमूव्ह बटणच गायब असेल तर कुणीतरी रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत) पॉलिसी टाकून ते बसवलंय, ती पॉलिसी काढल्याशिवाय ते जाणार नाही.

एकापेक्षा जास्त मशीन एका नेटवर्कवर असतील तर वर्म नावाची जात लक्षात ठेवा. वर्मला कुणी क्लिक करायची गरज नसते, तो स्वतःच पुढचं मशीन शोधतो. १९८८ मध्ये मॉरिस वर्म असाच सुटला होता, इंटरनेट तेव्हा केवढंसं होतं तरी हजारो मशीन आडवी झाली. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये आलेला कॉन्फिकर तर मला या सगळ्या विषयातला सगळ्यात शिकवणारा वाटतो, कारण त्याला एक नाही तीन रस्ते होते. विंडोजमधलं एक भोक, सोपे पासवर्ड असलेली शेअर्ड फोल्डर्स आणि पेनड्राइव्ह. भोक बुजवलं तरी पेनड्राइव्हने परत, पेनड्राइव्ह साफ केला तरी शेजारच्या मशीनवरून परत. दहा मशीनपैकी नऊ साफ केली आणि एक राहिलं तर उद्या दहाही बाधित. त्यामुळे सगळ्या मशीनच्या नेटवर्क केबल काढायच्या, वायफाय बंद, एकेक साफ करायचं, अपडेट करायचं, आणि साफ झालेलंच फक्त परत जोडायचं. अर्धवट जोडाजोडी नाही. फाइल्स लॉक करून पैसे मागणारा वॉनाक्राय नावाचा वर्म १२ मे २०१७ ला आला तेव्हा त्याने वापरलेल्या भोकाचं अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्चमध्येच दिलेलं होतं, तरी दीडशेच्या आसपास देशांत मशीन लॉक झाली. दोन महिने हातात होते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यावर असाल तर पुढे अपडेट मिळतायत का नाही ते आजच बघून घ्या.

राउटर आणि कॅमेऱ्यांचं पण असंच. २०१६ मधला मिराय राउटर-कॅमेऱ्यांमध्ये कंपनीने दिलेले साठेक नेहमीचे पासवर्ड वापरून शिरायचा. तो फक्त मेमरीत राहायचा, बंद करून चालू केलं की गेला. पण पासवर्ड तोच ठेवला की थोड्या वेळात परत शिरला. घरातल्या सगळ्या मशीनवर, मोबाइलवर पण, साइट्स भलतीकडेच उघडत असतील तर मशीन सोडा आणि राउटरचं डीएनएस सेटिंग (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारं) तपासा, फॅक्टरी रीसेट मारा, फर्मवेअर म्हणजे राउटरचं आतलं सॉफ्टवेअर अपडेट करा, ॲडमिन पासवर्ड बदला.

मेलमधून येणारं जुनंच आहे. १९९९ चा मेलिसा वर्डच्या मॅक्रोमधून (फाइलमध्येच असलेली छोटी स्क्रिप्ट) आउटलुकच्या ॲड्रेस बुकमधल्या पहिल्या ५० पत्त्यांवर जायचा, २००० च्या मे महिन्यात आलेल्या आय लव्ह यू च्या फाइलच्या नावात आधी डॉट टीएक्सटी होतं आणि मग खरं डॉट व्हीबीएस, आणि विंडोज शेवटचं एक्स्टेन्शन लपवतं म्हणून लोकांना ती साधी टेक्स्ट फाइल वाटली. वर ती टिक काढायला सांगितली ती याचसाठी. नंतरचा एमोटेट चोरलेल्या खऱ्या मेल संभाषणांनाच रिप्लाय म्हणून यायचा, ओळखीचा माणूस, ओळखीचा विषय, मग कोण संशय घेणार? अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून जानेवारी २०२१ मध्ये त्याची यंत्रणा बंद पाडली आणि त्याच नोव्हेंबरमध्ये तो परत दिसला. २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो ऑफिस आपोआप अडवतं, म्हणून आता झिपमध्ये शॉर्टकट घालून पाठवतात. अटॅचमेंट म्हणून शॉर्टकट पाठवायचं खऱ्या माणसाला काहीच कारण नसतं.

शेवटचा रस्ता सगळ्यात वाईट, कारण त्यात मशीन स्वच्छ असतं आणि तरी त्रास चालूच राहतो. इन्फोस्टीलर. तो येतो, ब्राउजरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिन कुकीज उचलतो, पाठवून देतो आणि बऱ्याचदा काही मिनिटांतच त्याचं काम संपतं. तुम्ही नंतर फॉरमॅट मारा, काही फरक नाही, किल्ली आधीच बाहेर गेलीये. कुकी हातात असेल तर ओटीपी पण लागत नाही, कारण साइटला वाटतं तुम्ही आधीच लॉगिन आहात. सध्या याचा एक फार चालणारा प्रकार म्हणजे खोटा कॅप्चा. 'मी रोबोट नाही' वर क्लिक करा, मग म्हणतं विंडोज आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. क्लिक केल्या क्षणी त्यांनी तुमच्या क्लिपबोर्डवर कमांड ठेवलेली असते आणि ती तुम्हीच तुमच्या हाताने चालवता. कुठलाही खरा कॅप्चा कीबोर्डवर असली बटणं दाबायला सांगत नाही, घरातल्या सगळ्यांना हे एकदा दाखवून ठेवा, प्लीज. असं झालं असेल तर दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून किंवा मोबाइलवरून आधी ईमेलचा पासवर्ड बदला, बाकी सगळ्या अकाउंटच्या रीसेट लिंक ईमेलवरच येतात म्हणून तो पहिला. मग 'साइन आउट ऑफ ऑल डिव्हायसेस', याशिवाय चोरलेली कुकी बऱ्याच ठिकाणी चालूच राहते. मग बँक, मग बाकीचं. आणि ईमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि रिकव्हरी नंबर तपासा, तिथं त्यांचा पत्ता टाकून ठेवलेला असेल तर तुम्ही कितीही पासवर्ड बदला, नवा त्यांच्यापर्यंत पोचणारच.

रॅन्समवेअर लागलं असेल, फाइल्सची एक्स्टेन्शन बदलून पैसे मागणारी चिठ्ठी आली असेल, तर हे सगळं बाजूला ठेवा. नेटवर्क तोडा, बॅकअपची हार्ड डिस्क लावू नका, लॉक झालेल्या फाइल्स आणि ती चिठ्ठी जपून ठेवा आणि दुसऱ्या मशीनवरून नो मोअर रॅन्सम या साइटवर बघा, २०१६ पासून युरोपोल आणि काही सिक्युरिटी कंपन्यांनी मिळून चालवलीये, काही प्रकारांच्या किल्ल्या तिथं फुकट मिळतात. सगळ्यांच्या नाही मिळत.

यातून काहीच नाही सुटलं तर नव्याने विंडोज टाकायचंच, पण नीट. इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह दुसऱ्या स्वच्छ मशीनवर बनवा, त्या डिस्कवरची सगळी पार्टिशन उडवा, नुसती सी नाही, त्याआधी फोटो-कागदपत्रं बाहेर काढून घ्या, आणि परत टाकताना आधी विंडोज अपडेट पूर्ण होऊ द्या मगच डेटाची डिस्क लावा. बायोसमध्ये (मदरबोर्डवरच्या चिपमधलं, विंडोजच्या आधी चालणारं सॉफ्टवेअर) शिरणारे प्रकार आहेत, २०१८ मध्ये लोजॅक्स सापडला होता, पण घरगुती मशीनवर ते फारच दुर्मिळ, त्याच्या मागे लागायच्या आधी डी ड्राइव्ह, सिंक आणि तो प्रिंटवाला कॉम्प्युटर तपासा.

साफसफाईनंतर पुढचे सात-आठ दिवस रोज एकदा प्रोटेक्शन हिस्टरी बघत जा, आणि दर वेळी बाहेरचा पेनड्राइव्ह लागला की तारीख लिहा. बहिणीच्या बाबतीत आम्ही एवढंच केलं, आणि त्या प्रिंटवाल्या कॉम्प्युटरवर अँटीव्हायरसच्या ऑफलाइन अपडेटची फाइल नेऊन टाकली, त्याच्या मालकाला बसवून शॉर्टकटची ती टार्गेटची ओळ दाखवली. त्यांनी वाचली, आणि लगेच ड्रॉवरमधून स्वतःचे चार पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवले. चारही व्हायरसने भरलेले होते. पुढचा दीड तास आम्ही तेच साफ करत बसलो.